महापालिकेची संगणक यंत्रणा बदलायची म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मध्यम आकाराच्या महापालिकेच्या संगणक विभागात बरीच वर्षं काढली की काही प्रश्न पाठ होतात. खिडकीपलीकडचे नागरिक विचारतात, सभागृहात नगरसेवक विचारतात, जेवणाच्या सुट्टीत आस्थापनेतले सहकारी विचारतात आणि नवे आयुक्त रुजू झाले की पहिल्या आठवड्यात तेही विचारतात. उत्तरं माझ्या अनुभवाप्रमाणे दिली आहेत. कुठे माझं मत असेल तर ते झाकलेलं नाही.

‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतात तेव्हा खरंच सर्व्हर बंद असतो का?

क्वचित. खिडकीवरच्या माणसाला आत काय बिघडलंय हे कळायला मार्ग नसतो, म्हणून सगळ्या दुखण्यांना एकच नाव. बहुतेक वेळा प्रभाग कार्यालय आणि मुख्यालय यांच्यामधली लाइन तुटलेली असते, आणि ती आपल्याच पाणीपुरवठा विभागाच्या जेसीबीने उचकटलेली असते. कधी यूपीएसच्या बॅटऱ्या संपलेल्या असतात. कधी डेटाबेसची डिस्क भरलेली असते, कारण स्कॅन केलेल्या फायली कुणीतरी तिथेच ओतत आलेलं असतं. कधी संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत उलटलेली असते, आणि तिची आठवण करून देणारा ईमेल बदलून गेलेल्या साहेबांच्या पत्त्यावर जात असतो.

३१ मार्चला आणि घरपट्टीच्या सवलतीच्या शेवटच्या दिवशी मात्र सर्व्हर खरोखर गुदमरतो.

म्हणून नव्या यंत्रणेत मला पहिली हवी ती देखरेख. कुठली लाइन पडली, कुठली डिस्क भरत आली, हे नागरिक खिडकीवर येण्याआधी आम्हाला दिसलं पाहिजे. हे काम स्वस्तात होतं. बहुधा म्हणूनच निविदेत त्याला कुणी विचारत नाही.

आमच्याकडे वीस वर्षांपासून संगणक आहेत. मग आता पुन्हा आधुनिकीकरण कशाला?

वीस वर्षांपासून आहेत, म्हणूनच. महाराष्ट्रात या बाबतीत कल्याण-डोंबिवलीचं नाव आधी घ्यावं लागतं. २००० सालाच्या आसपास या महापालिकेने मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू, तक्रारी हे सगळं एका छताखाली आणून नागरी सुविधा केंद्र सुरू केलं. पुढे राज्यातल्या इतर शहरांसाठी तो नमुना ठरला. त्या काळात ते मोठंच पाऊल होतं, आणि आज जे आपल्याला जुनाट वाटतं त्यातलं बरंचसं त्या पिढीचं आहे.

अडचण अशी की सॉफ्टवेअर न वापरताही म्हातारं होतं. विंडोज एक्सपीला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ ला थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ ला. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, आणि त्याच्याशिवाय उघडतच नाहीत अशी सरकारी पानं तेव्हा अनेकांची झोप उडवून गेली. मशीन चालू होतं, बिल छापतं, म्हणून ‘काय वाईट आहे त्यात’ असं वाटतं. दार लागतंय एवढं दिसतं. त्याच्या कुलपाची किल्ली चोरबाजारात मिळते, हे दिसत नाही.

शिवाय शहरही बदललं. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. हद्दीत नवी गावं आली, बांधकामाचे नियम बदलले. प्रत्येक वेळी जुन्या प्रणालीला एक ठिगळ लावलं गेलं. कुठलं ठिगळ काढलं तर कुठला तुकडा निखळेल, हे आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सुरुवात कुठून करावी? नवे सर्व्हर घेण्यापासून?

यादी करण्यापासून. कोणती यंत्रं आहेत, कुठे आहेत, त्यावर काय चालतं, पासवर्ड कुणाकडे आहेत, परवाने कधी संपतात, संकेतस्थळाचं नाव कुणाच्या नावावर नोंदलंय. शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. शहराचं संकेतस्थळ जुन्या ठेकेदाराच्या माणसाच्या खासगी ईमेलवर नोंदलेलं मी पाहिलंय.

एक किस्सा, गावाचं नाव न घेता. पाणीपट्टीच्या हॉलला रंग द्यायचा होता. रंगाऱ्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाखालचा एक धूळ खाल्लेला संगणक काढून व्हरांड्यात ठेवला. कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या बिलांची वेळ आली आणि छपाईची फाइलच निघेना. मीटरचे आकडे घेऊन ती फाइल तयार करणारा छोटा प्रोग्रॅम फक्त त्या यंत्रावर होता. तो लिहिणारा कंत्राटी ऑपरेटर नोकरी सोडून गेला होता, आणि आमच्या विभागाच्या कुठल्याही नोंदवहीत त्या यंत्राचा उल्लेख नव्हता. भांडार विभागाच्या जडवस्तू नोंदवहीत तेवढा होता: ‘संगणक, नादुरुस्त’.

ही यादी करायला दोन-तीन महिने जातात आणि उद्घाटन करण्यासारखं काही हाती लागत नाही. तरीही हाच टप्पा टाळू नये.

जुना डेटा नव्या प्रणालीत आणायला एवढा वेळ का लागतो? कॉपी-पेस्ट तर आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी खुर्ची देतो.

पहिलं दुखणं मराठीचं. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला एकच क्रमांक देणारी पद्धत) सर्रास होण्याआधीच्या प्रणालींत नावं कृतिदेव, श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएममधल्या फाँटांत साठवलेली आहेत. त्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. कृतिदेवमधलं ‘पवार’ म्हणजे संगणकाच्या लेखी आय, ओ, के, जे अशी चार अक्षरं. फाँट काढला की पवार गायब. रूपांतर करणारी साधनं आहेत आणि ती बहुतेक नावं नीट आणतात, पण रफार, जोडाक्षरं आणि वेलांट्या मध्येच सरकतात. जिथे एकाच तक्त्यात दोन वेगवेगळ्या फाँटांत नोंदी झाल्या आहेत, तिथे तर यंत्राला काहीच कळत नाही. माणूसच बसवावा लागतो.

युनिकोडमध्ये आलं की संपलं, असंही नाही. ‘कुऱ्हाडे’ आणि ‘वऱ्हाडे’ ही आडनावं घ्या. त्यातला ऱ एका ऑपरेटरने एकाच अक्षराने टाकलेला असतो, दुसऱ्याने साधा र आणि खाली नुक्ता असा. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे. शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र ते दोन वेगळे इसम. नोंदी आत घेतानाच सगळी अक्षरं एका साच्यात बसवण्याची सोय असते, ती वापरायची असते. ती न वापरल्यामुळे कुऱ्हाडेकाका ‘तुमच्या नावावर मालमत्ताच नाही’ हे ऐकून घरी जातात आणि सहा महिन्यांनी त्यांना थकबाकीची नोटीस जाते.

दुसरं दुखणं नोंदींचं. मालक वारून पंचवीस वर्षं झाली, वारसांनी फेरफार केलेला नाही, बिल अजून आजोबांच्या नावाने. एका घराला दोन मालमत्ता क्रमांक, कारण प्रभाग रचना बदलली तेव्हा जुना क्रमांक बंदच केला नाही. क्षेत्रफळ कुठे चौरस फुटांत, कुठे चौरस मीटरमध्ये, आणि रकाना एकच. जन्मतारीख माहीत नाही म्हणून शेकडो लोक एक जानेवारीला जन्मलेले. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात दहा शून्यं, कारण रकाना रिकामा ठेवला तर प्रणाली पुढेच जायची नाही.

तिसरं आणि सगळ्यात नाजूक म्हणजे थकबाकी. मागील बाकी, चालू मागणी, शास्ती, कोर्टाने स्थगिती दिलेली रक्कम, सवलत, आगाऊ जमा. जुन्या प्रणालीतली एकूण मागणी आणि नव्यातली एकूण मागणी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. ‘थोडा फरक आहे, नंतर बघू’ म्हणून सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मागे पुढची दहा वर्षं लेखाआक्षेप फिरतो.

हे काम जुळवून देऊ शकतो तो वसुलीतला जुना लिपिक. कुठल्या गल्लीत बिल्डरने सहा गाळे दाखवून आठ बांधले, हे त्याला पाठ असतं. त्याच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी हे काम सुरू करा, नंतरच्या वर्षी नको.

ऑनलाइन अर्ज केला, तरी त्याची प्रिंट घेऊन कार्यालयात का बोलावतात?

कारण बऱ्याच ठिकाणी फक्त खिडकी ऑनलाइन झालीय, मागचं टेबल नाही. अर्ज पोर्टलवर येतो, शिपाई त्याची प्रिंट काढतो, तिची नस्ती (फाइल) होते, टिपणी हाताने लिहिली जाते, नस्ती पाच टेबलं फिरते, सही होते आणि मग कुणीतरी तो दाखला स्कॅन करून पुन्हा पोर्टलवर चढवतो. नागरिकाच्या दृष्टीने हे डिजिटल. आमच्या दृष्टीने पूर्वीचं सगळं काम अधिक दोन वेळा संगणक.

कायद्याची आडकाठी आहे म्हणावं तर तीही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून डिजिटल सहीला मान्यता आहे. अडचण सवयीची आणि भीतीची आहे: उद्या चौकशी लागली तर ‘कागद दाखवा’ म्हणतील. ही भीती खोटी नाही. चौकशी करणारेही कागदच मागतात. म्हणून नव्या प्रणालीत कुणी, कधी, काय बदललं याची पुसता न येणारी नोंद हवी, आणि लेखापरीक्षकाला ती स्वतः उघडून बघता आली पाहिजे. एकदा लेखापरीक्षकाने पडद्यावर बघून आक्षेप निकाली काढला की बाकीचे आपोआप कागद कमी करतात.

तुम्ही अर्जदार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवांना मुदत ठरलेली असते. मुदत उलटली तर कार्यालयातच पहिलं आणि दुसरं अपील, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरं. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा, कारण मुदत त्यावरून मोजतात.

साहेबांची बदली झाली की दाखले का अडकतात?

डिजिटल सही माणसाच्या नावाची असते, खुर्चीची नाही. नव्या साहेबांची सही निघायला आणि प्रणालीत नोंदवायला काही दिवस जातात. पदभार देतानाच्या कागदांत ‘जुनी सही बंद केली, नवीन नोंदवली’ ही ओळ घातली तर खोळंबा टळतो. काही ठिकाणी जुन्या साहेबांचा टोकन (डिजिटल सही असलेली यूएसबी किल्ली) ड्रॉवरमध्ये ठेवून काम चालवतात. तो सरळसरळ गुन्ह्याला रस्ता आहे.

सगळं क्लाऊडवर टाकलं की कटकट मिटेल ना?

क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा केंद्रातले भाड्याचे सर्व्हर. काही कटकटी मिटतील. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरही तळमजल्यावर सर्व्हर खोली बांधणाऱ्या पालिका आहेत, कारण वरच्या मजल्यावर पदाधिकाऱ्यांची दालनं असतात. एसी गळतो, उंदीर वायरी कुरतडतात, रात्री वीज गेली तर जनरेटर लावायला माणूस लागतो. या सगळ्यातून क्लाऊड सोडवतो. डेटा परदेशात जाण्याची भीती घालतात, त्याचं उत्तर असं: केंद्र सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली सूचीबद्ध झालेल्या पुरवठादारांना सरकारी डेटा भारतातच ठेवावा लागतो. त्या यादीबाहेर जाऊ नका.

पण एक पालिकेची खास अडचण आहे, तिच्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत. सर्व्हर विकत घेणं हा भांडवली खर्च, एकदा मंजूर झाला की झाला. क्लाऊडचं भाडं हा महसुली खर्च, दर महिन्याला. ज्या पालिकेत ठेकेदारांची देयकं आठ-आठ महिने लेखा विभागात पडून असतात, तिथे क्लाऊडचं देयकही त्याच रांगेत बसतं, आणि तो पुरवठादार रस्त्याच्या ठेकेदारासारखा थांबत नाही. तो सेवा बंद करतो. म्हणून या खर्चाला अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष आणि वीजबिलासारखा अग्रक्रम द्या. आणि क्लाऊडचं खातं पालिकेच्या नावावर काढा. ते ठेकेदाराच्या नावावर असेल, तर तुम्ही भाडेकरूचे पोटभाडेकरू झालात.

बॅकअप आहे म्हणतात. पुरेसं आहे का?

तो परत उभा करून कधी पाहिलाय का, ते विचारा. बॅकअप घेतला जातो, टेप किंवा डिस्क कपाटात जाते, रजिस्टरवर सही होते. तीन वर्षांनी गरज पडते तेव्हा कळतं की दुसऱ्या महिन्यापासून रिकामीच फाइल उतरत होती. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या रजिस्टरवर माझीही सही होती.

मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली तेव्हा कागदी फायली जळाल्या आणि ‘सगळं डिजिटल करा’ हा धडा सगळ्यांनी घेतला. डिजिटलही जळतं, हा धडा दक्षिण कोरियातून आला. डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ ला आग लागली, बॅटऱ्यांमुळे. सरकारी कर्मचारी ज्या सामायिक साठ्यात आपली कागदपत्रं ठेवत, तो ८५८ टेराबाइटचा साठा गेला. त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती, कारण एवढा मोठा साठा दुसरीकडे ठेवणं कठीण, असं ठरलं होतं.

घरगुती हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि तिमाहीला एकदा एखादा विभाग निवडून बॅकअपवरून तो चालू करून बघायचा.

पालिकेवर कोण कशाला सायबर हल्ला करेल? आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?

चोरायची गरज नसते. तुमचंच कुलूपबंद करायचं आणि किल्लीचे पैसे मागायचे, हा धंदा आहे. अमेरिकेतल्या अटलांटा शहरावर २२ मार्च २०१८ ला असा हल्ला झाला. मागितले सुमारे ५१,००० डॉलर. शहराने दिले नाहीत. लोकांना पाणीबिल ऑनलाइन भरता येईना, नगर न्यायालयातल्या तारखा पुढे गेल्या, पोलिसांच्या गाड्यांमधल्या कॅमेऱ्यांचं जुनं चित्रण कायमचं गेलं, आणि सावरायला मागणीच्या कित्येक पट पैसा लागला. पुढच्या वर्षी ७ मे ला बाल्टिमोर. मागणी १३ बिटकॉइनची, तेव्हाचे साधारण ७६,००० डॉलर. तिथेही नकार, आणि नुकसानीचा अंदाज १ कोटी ८० लाख डॉलरचा. घरांचे खरेदी-विक्री व्यवहार अडले, पाणीबिलं काही महिने निघाली नाहीत. मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे: तिथल्या संगणक विभागातल्याच लोकांनी काही महत्त्वाचा डेटा स्वतःच्या टेबलावरच्या संगणकात ठेवला होता आणि तो गेला.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरना अशीच बाधा झाली होती. तेव्हा ‘आपल्याला कोण विचारतो’ हा प्रश्न बाद धरा.

असं घडलं तर पहिलं काम: बाधित यंत्र नेटवर्कपासून तोडा, पण बंद करू नका, पुसू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवसांच्या हाताशी ठेवाव्या लागतात. सहा तासांत ‘आधी साहेबांना सांगू, साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यातच चार जातात. कुणी कळवायचं त्याचा आदेश आधीच काढून भिंतीवर लावा.

ठेकेदार बदलला की दर वेळी सगळं पहिल्यापासून का?

कारण करार करताना आपण प्रोग्रॅम विकत घेतला आणि आपलीच वही त्याच्याकडे ठेवली. माझ्या मते अख्ख्या विषयाचा गाभा इथे आहे. सर्व्हर कुठल्या कंपनीचा, क्लाऊड कुणाचा, पडदा निळा की हिरवा, यावर स्थायी समितीत तासभर चर्चा होते. करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, कोणत्या स्पष्टीकरणासह परत मिळेल, हे कलम मात्र वाचलंही जात नाही.

नुसता डेटा मिळूनही भागत नाही. एका ठिकाणी जुन्या ठेकेदाराने हस्तांतराच्या दिवशी चारशे तक्ते एका डिस्कवर दिले. नियमाप्रमाणे दिले. कोणत्या तक्त्यात काय आहे, ‘एफ-७’ नावाच्या रकान्यातला ‘३’ म्हणजे थकबाकीदार की करमाफ, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नव्या कंपनीने वर्षभर तेच कोडं सोडवलं आणि त्याचे पैसे आपण भरले.

करारात मी चार गोष्टी मागेन. डेटा पालिकेचा आणि कधीही मागितला तर खुल्या स्वरूपात. प्रत्येक तक्त्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका, दर बदलाबरोबर सुधारलेली. मूळ प्रोग्रॅमची प्रत पालिकेकडे, किंवा निदान त्रयस्थाकडे. आणि निघताना सहा महिने नव्याच्या शेजारी बसून काम समजावून देण्याची अट, तिच्यासाठी राखून ठेवलेल्या रकमेसह. शेवटची रक्कम हातात नसेल तर बाकीच्या तिन्ही अटी कागदावरच राहतात.

मग मुक्त सॉफ्टवेअरच घ्यावं, कुणाच्या दावणीला बांधून घ्यायलाच नको?

मूळ प्रोग्रॅम सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर हा चांगला मार्ग आहे, फुकटचा नाही. बंगळुरूच्या ई-गव्ह फाउंडेशनने (२००३ मध्ये नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी सुरू केलेली संस्था) ‘डिजिट’ नावाचा मुक्त मंच तयार केला आहे. पंजाबसारख्या राज्यांतल्या शहरांत त्यावर कामं चालतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय नागरी डिजिटल अभियानाचा भरही अशाच सामायिक मंचांवर आहे. परवान्याचे पैसे वाचतात. पण तो आपल्या करनियमांना जुळवून घ्यायला आणि पुढे सांभाळायला माणसं लागतातच, आणि तीही ठेकेदाराचीच असली तर दावण तीच, दोर नवा.

जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट यासाठी वाचण्याजोगी आहे. त्यांनी सुमारे १५,००० संगणक विंडोजवरून लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेले, २०१३ पर्यंत ते पूर्णही केलं, आणि २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं. तंत्र फसलं की राजकारण, यावर अजून वाद घालतात. मला त्यातून दिसतं ते एवढंच की सत्ता बदलल्यावरही टिकेल इतकी माणसं आत तयार नसतील, तर निर्णय उलटायला एक ठराव पुरतो.

खात्यातून पैसे गेले, पावती आली नाही. पैसे कुठे आहेत?

बहुतेक वेळा वाटेत. तुमच्या बँकेने पैसे कापले, मध्यस्थ गेटवेला ते कळलं, पण गेटवेचा निरोप पालिकेच्या सर्व्हरपर्यंत पोचला नाही, कारण त्या क्षणी लाइन पडली होती. दुसऱ्या दिवशी बँकेकडून येणाऱ्या यादीशी ताळमेळ घातला की पावती निघते. हा ताळमेळ काही पालिकांत आपोआप होतो, काही ठिकाणी एक लिपिक एक्सेलमध्ये करतो आणि तो रजेवर असला की तुम्ही हेलपाटे मारता.

घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नका. यूपीआयने दुकानदार वा संस्थेला केलेला व्यवहार असा अर्धवट राहिला, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहार क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

कर्मचारीच नवी प्रणाली हाणून पाडतात, हे खरं का?

कधीकधी. पण विरोधामागचं कारण विचारलं तर ते बरेचदा रास्त निघतं. जुन्या पडद्यावर चार बटणांत होणाऱ्या पावतीला नव्यात अकरा वेळा माउस दाबावा लागतो, आणि समोर रांग आहे. ज्याने प्रणाली बनवली त्याने खिडकीवर एक दिवसही काढलेला नसतो. मी आग्रह धरून एका कंपनीच्या दोन मुलींना महिनाभर वसुलीच्या खिडकीवर बसवलं. त्यांनी परत जाऊन पहिला पडदा फाडून नवा केला.

प्रशिक्षण म्हणजे सभागृहात एक दिवस, पुरी-भाजी आणि प्रमाणपत्र, एवढ्याने भागत नाही. माणूस आपल्याच टेबलावर, आपल्याच कामावर शिकतो. आणि इनस्क्रिप्ट या कळफलक पद्धतीने मराठी टंकायला शिकायला वेळ लागतो, तेवढा द्या.

शहरावर नजर ठेवणाऱ्या कमांड सेंटरमधली पडद्यांची ती मोठी भिंत म्हणजे आधुनिकीकरण का?

दिसायला तेच. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानातल्या शंभरही शहरांत अशी केंद्रं उभी राहिली, आणि वाहतूक किंवा पुराच्या वेळी त्यांचा उपयोग होतो. पण भिंतीवर शहराचं पाणी लाइव्ह दिसतं आणि खाली पाणीपट्टीचं बिल दुबार जातं, अशा ठिकाणी पाहुण्यांना भिंत दाखवतात.

किती वर्षं लागतील?

एका विभागाला एक वर्ष धरा, सगळ्या शहराला चार-पाच. ‘सहा महिन्यांत पूर्ण’ म्हणणाऱ्याने पालिकेचं पंचांग पाहिलेलं नाही. जानेवारी ते मार्च वसुली आणि वर्षअखेर, कुणी मोकळं नाही. पावसाळ्यात निम्मे अभियंते आपत्ती कक्षात. निवडणूक लागली की आचारसंहिता, आणि कर्मचारी मतदार याद्यांवर. बाकीच्या दिवसांत गणपती आणि दिवाळी. बदल अमलात आणायला साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचा आठवडा-पंधरवडा मिळतो. तो चुकला की वर्ष गेलं.

जन्माचा दाखला आता पालिकेच्या संकेतस्थळावर का दिसत नाही?

नोंदी केंद्राच्या नागरी नोंदणी पोर्टलवर होत आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू आहे, आणि त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा एकच दाखला चालतो. नावातली चूक आजच दुरुस्त करून घ्या.

जुने संगणक आणि सर्व्हर भंगारात दिले तर चालतात का?

नेहमीच्या भंगारवाल्याला नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादारालाच द्यायचे आणि पावती घ्यायची. त्याआधी डिस्का बाहेर काढा. फाइल ‘डिलीट’ केल्याने काही पुसलं जात नाही, आणि त्या डिस्कांवर अख्ख्या शहराचे पत्ते, फोन आणि थकबाकी असते. आम्ही शेवटच्या वेळी सत्तेचाळीस डिस्का काढल्या, त्यांचे अनुक्रमांक नोंदवहीत लिहिले, बांधकाम विभागाकडून ड्रिल मशीन मागून आणलं आणि पंचनामा करून प्रत्येकीला तीन भोकं पाडली. ड्रिल परत केल्याची पोच अजून माझ्या फाइलला आहे.